हवेतला ‘ला’

आमच्या दुकानाच्या बोर्डावरचं एक अक्षर एका वर्षात तीनदा बदललं. आधी ते राहून गेलं, मग आलं, मग खरवडून काढलं. अक्षर केवढं, तर ‘ला’. या एवढ्याशा ‘ला’नं माझ्या घरात जेवढी उलथापालथ केली, तेवढी माझ्या थोरल्या जावेलाही जमली नव्हती, आणि तिनं तर हयातभर प्रयत्न केला.

दुकान कोपरखैरण्यात आहे, मेडिकल आणि झेरॉक्सच्या मधे. गोटी सोड्याचं. जाड काचेची बाटली, गळ्यात रबराचं कडं, आणि गॅसच्या जोरानं त्या कड्याला आतून चिकटून बसलेली गोटी. अंगठ्यानं गोटी दाबली की फट्ट करून आवाज येतो आणि गिऱ्हाईक उगीचच हसतं. मी पंधरा वर्षं बघतेय, म्हातारं असो की पोर, त्या आवाजाला हसलं नाही असं माणूस आलं नाही. लिंबू, जिरा, आलं, मसाला, एवढेच प्रकार. लिंबू मी स्वतः पिळते, शिळं लिंबू दुकानात राहू देत नाही. मी साताऱ्याकडची. आमच्याकडं बोलणं म्हणजे धोंडा भिरकावल्यासारखं असतं असं इथल्या बायका म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण धोंडा असला तरी खरा असतो, हे मी त्यांना दर वेळी ऐकवते.

आमचे हे मशीनवर बाटल्या भरतात. त्याआधी हे तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत होते. बावीस वर्षं टेंपररी. हसू नका. दर सहा महिन्यांनी आठ दिवसांचा ब्रेक द्यायचा आणि नवव्या दिवशी त्याच माणसाला नवा माणूस म्हणून घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. यांच्या बरोबरीचे कायम झाले, यांच्या मागून आलेले कायम झाले, यांनी ज्यांना व्हॉल्व फिरवायला शिकवलं ते कायम होऊन यांच्यावर ओरडायला लागले. हे आपले नवेच. कंपनी बंद पडली तेव्हा कायमवाल्यांना हिशेब मिळाला, यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेही सहा महिन्यांनी बंद पडलं, म्हणजे त्यालाही ब्रेक दिला असणार.

तर आमच्या घरात देवाच्या नावाखालोखाल एकच शब्द होता, पर्मनंट. लग्नाळू मुलगा असो नाहीतर भाड्याची खोली, यांचा पहिला प्रश्न, “पर्मनंट आहे का?” माझी एकुलती एक पोरगी केमिकल इंजिनीअर झाली तेव्हा पेढे वाटायला निघालेल्या मला यांनी दारातच थांबवलं. म्हणाले, “कायम होऊ दे. मग वाटू.”

पोरीला महाप्याला नोकरी लागली. एक वर्ष कॉन्ट्रॅक्ट, मग बघू. यांनी ‘मग बघू’ ऐकलं आणि जेवण अर्ध्यावर ठेवून उठले. कंपनी कसली, तर हवेतून कार्बन डायऑक्साइड काढायची. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “अगं, बाकी सगळं काढून झालं का आपलं? रस्त्यातले खड्डे काढून झाले? नाल्यातला गाळ?” पोरगी म्हणाली, “आई, एकदा येऊन बघ.”

गेले. वाटलं होतं रॉकेटसारखं काहीतरी असेल. निघाला शेडमागं उभा केलेला कूलरचा थोरला भाऊ. भिंतीएवढी जाळी, त्यात ओळीनं पंखे, आणि घुंई आवाज. पोरीनं मला माझ्या भाषेत समजावलं. म्हणाली, “हवा म्हणजे तांदूळ समज. दहा हजार दाण्यांत चार खडे आहेत. पंखे हवा आत ओढतात. जाळीवर एक पावडर आहे, तिला फक्त खडे चिकटतात. जाळी भरली की ती तापवायची, तापली की ती खडे सोडते. ते गोळा करून सिलिंडरमधे भरायचे.”

मी म्हटलं, “दहा हजारांत चार? रेशनच्या तांदळात याच्या दसपट असतात. ते निवडायला मला नाही कुणी इंजिनीअर दिला.”

तिचे साहेब शेजारीच होते. परदेशात शिकून आलेले, वय पस्तिसाच्या आत, उन्हाळ्यातही बिनबाह्यांचं जाकीट घालणारे. मराठीच, पण मराठी शब्द त्यांच्या तोंडात पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “आंटी, यू आर सो रिअल.” मी गप्प बसले, पोरीचा साहेब म्हणून.

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. मशीनपासून पाच पावलांवर डिझेलचा जनरेटर होता, तो धडधडत सुरू झाला आणि त्याचा काळा धूर सरळ पंख्यांकडं निघाला. मला वाटलं साहेब आता कुणाला तरी झापणार. कसलं काय! साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, जनरेटर असला की कॅप्चर वाढतं, म्हणजे जाळीत खडे जास्त सापडतात. कंपाउंडबाहेर ट्रक लागले होते, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून आत झोपलेले. वॉचमन त्यांना हाकलायला निघाला तर साहेबांनी त्यालाच परत बोलावलं. असू देत म्हणे, रीडिंग छान येतंय.

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, “साहेब, एकीकडून धूर काढायचा आणि दुसरीकडून आत ओढायचा, याला आमच्याकडं बिडी म्हणतात.”

“ट्रान्झिशन फेज आहे आंटी,” साहेब म्हणाले.

या सगळ्याला पैसे कोण देतं, तर परदेशातली एक कंपनी. तिचा माल विमानानं जगभर फिरतो, त्याचा धूर होतो. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून ती आमच्या साहेबांना सांगते, तुम्ही तेवढा कार्बन हवेतून काढा, दक्षिणा आम्ही देतो. आपल्याकडं भटजीला सांगतात ना, माझ्या नावानं तुम्हीच अभिषेक करा, मला ऑफिस आहे, त्यातलाच प्रकार. फक्त अट एक होती. काढलेला कार्बन कायमचा गेला पाहिजे. पर्मनंट. तसा कागद मिळाला तरच कंपनी टिकणार, आणि कंपनी टिकली तरच माझी पोरगी कायम होणार. हे घरी येऊन यांना सांगितलं तर यांनी हातातली गोटी अंगठ्यानं फिरवली. मग म्हणाले, “म्हणजे आता हवासुद्धा पर्मनंट व्हायला लागली.”

पण कार्बन कायमचा घालवायचा कुठं? साहेबांचा बेत मोठा होता. सह्याद्रीच्या काळ्या पत्थरात खोल बोअर मारायचा आणि गॅस आत पुरायचा. तिथं म्हणे हळूहळू त्याचा दगड होतो. पोरगी हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकायचे की मला तिची दृष्ट काढावीशी वाटायची. “आई, खरंच होतं तसं. गॅसचा दगड. मग तो कधीच बाहेर येत नाही.” मी म्हटलं, माझ्या माहेरच्या पत्थरात तीन बोअर मारले, पाणी काही लागलं नाही. तुमचा गॅस तरी लागो. पण त्या बोअरची परवानगी कुठल्या तरी टेबलावर अडकली होती, आणि टेबलं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. इकडं मशीन गॅस काढतंय, सिलिंडर भरतायत, शेडमधे पाय ठेवायला जागा नाही. कागद द्यायची तारीख जवळ आलेली.

अशात एक दिवस डबा खाता खाता पोरीच्या तोंडून निघून गेलं की माझ्या आईचं सोड्याचं दुकान आहे. सोड्याला हाच गॅस लागतो. साहेबांनी म्हणे चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब सीवूड्सहून त्यांच्या बिनआवाजाच्या गाडीतून आमच्या दुकानासमोर. सर्क्युलर इकॉनॉमी, सिनर्जी, काय काय बोलले. मला एवढंच कळलं की त्यांचे सिलिंडर आम्ही वापरायचे. गॅस पोटात जायला चालतो असा लॅबचा कागदही त्यांनी आणला होता. पोरगी मागं उभी होती. एरवी मी मागते आणि ती देते, या वेळी मागणारी ती होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी हो म्हटलं. हे तर कधीच हो म्हणून बसले होते.

मग साहेबांना बोर्ड हवा. ‘हवेतला सोडा’ असं लिहा म्हणाले. आमच्या सेक्टरमधे एक पेंटर आहे, गणपती मंडळापासून नगरसेवकाच्या वाढदिवसापर्यंत सगळं तोच रंगवतो. हात चांगला, पण अंदाज नाही. वाढदिवसाला ‘हार्दिक’ एवढं मोठं काढतो की ‘शुभेच्छा’ पाठीमागच्या बाजूला न्यायची वेळ येते. त्यानं आमच्या बोर्डावर आधी एक ढग काढला, मग बाटली काढली, बाटलीला चकाकी काढली, आणि मग अक्षरांना जागा शोधायला लागला. संध्याकाळी मला म्हणाला, “काकू, ‘हवेतला’ बसत नव्हतं. ‘ला’ काढला. अर्थ तोच राहतो.”

मी वर बघितलं. ‘हवेत सोडा’. मला काही वावगं वाटलं नाही. दिवसभर सोडा विकणाऱ्या बाईला ‘सोडा’ म्हणजे सोडाच दिसणार, दुसरं काय दिसणार? साहेबांनी बघितलं, सुपर म्हणाले, फोटो काढून परदेशात पाठवला. पहिल्या सिलिंडरला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. यांनी सिलिंडरवर खडूनं स्वस्तिक काढलं. साहेबांनी त्याचाही फोटो काढला.

पहिला शहाणा निघाला तो एक माथाडी. तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहतो, आमच्याच सातारा भागातला, दुपारी घरी जाताना रोज जिरा सोडा पितो. त्यानं बाटली रिकामी केली, बोर्डाकडं बघितलं आणि म्हणाला, “वैनी, हवेत सोडा म्हंजी? काय सोडायचं?”

आणि त्यानं असा ढेकर दिला की मेडिकलच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. “घ्या,” म्हणाला, “सोडला.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून जो येतो तो सोडा पितो, बोर्डाकडं बोट दाखवतो आणि ढेकर देतो. कॉलेजची पोरं स्पर्धा लावायला लागली. बागेत सकाळी हास्यक्लब करणारी म्हातारी मंडळी संध्याकाळी आमच्याकडं यायला लागली. एक रिटायर्ड मास्तर दर वेळी ढेकर देऊन म्हणायचे, “आज्ञापालन.” धंदा दुप्पट झाला. माझी हसून हसून पुरेवाट झाली. आणि हसता हसता एक दिवस मलाच एक प्रश्न पडला.

रविवार होता. पोरगी कोथिंबीर निवडत होती. मी विचारलं, “अगं, ढेकर येतो तो तुझाच गॅस ना?”

“हो.”

“मग तो गेला कुठं?”

“हवेत.”

“हवेतून काढला, माथाड्याच्या पोटातून फिरवला आणि परत हवेत. मग काढला कशाला?”

तिनं कोथिंबिरीची काडी मोडली. म्हणाली, “आई, हे तात्पुरतं आहे. परवानगी आली की दगडातच जाणार. तोपर्यंत साठवायला जागा नाही म्हणून.” आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते. ‘तात्पुरतं’ म्हटल्याबरोबर पेपर खाली आला.

मी विचारलं, “आणि कागदावर काय लिहिता?”

“कागद सर लिहितात. मी फक्त किती सिलिंडर गेले ते देते.”

“पण त्यात आपल्याकडचे सिलिंडरही कायमचे गेलेल्यात धरतात?”

तिनं दुसरी जुडी सोडायला घेतली. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. तिच्या हातातली जुडी काढून घेऊन, माझ्याकडं बघ, असं म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. कारण पुढच्याच महिन्यात तिचं वर्ष भरत होतं. मी उठून वरणाला फोडणी घातली.

मग तपासणी आली. परदेशातून कोणी गोरा येणार होता, पण तो विमानानं आला असता तर त्याच्या एकट्याच्या येण्यानं किती दिवसांचं काम मातीत गेलं असतं देव जाणे. म्हणून इथलाच एक तपासनीस नेमला. साहेब आदल्या दिवशी दुकानात आले. म्हणाले, “आंटी, ते विचारतील गॅस शेवटी कुठं जातो. तुम्ही म्हणायचं, वायू उत्पादनात बंदिस्त राहतो.” माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, शाळेत प्रतिज्ञा घेतात तसं. जाताना हळूच म्हणाले, “आणि उद्या ते ढेकर जरा मॅनेज करा.” आता ढेकर काय माझ्या हातात आहेत? तरी मी माथाड्याला सांगितलं, उद्या येऊ नको. तो म्हणाला, “वैनी, माझ्या ढेकरावर बंदी?” मला लाज वाटली.

तपासनीस आले ते बाराच्या उन्हात, बसनं. साठी उलटलेले, करावे गावचे, पांढरी पँट, पायात सँडल. सगळं आयुष्य उरणकडच्या गोदामांत कंटेनर तपासण्यात गेलेलं. साहेबांशी इंग्रजी बोलले, माझ्याशी मात्र घरच्यासारखं. “बाय, पयलं पानी दे,” म्हणाले. पाणी प्यायले आणि मान वर करून बोर्ड वाचला. सावकाश वाचला. मग बोट लावून परत वाचला, “हवेत... सोडा.” आणि साहेबांकडं बघितलं.

साहेब म्हणाले, “यस सर. ब्रँड नेम.”

त्या क्षणी मला तो बोर्ड पहिल्यांदा दिसला. म्हणजे रोज गिऱ्हाईकं थट्टा करायची तसा नाही, खरा दिसला. कार्बन काढणाऱ्यांच्या दुकानावर एवढ्या मोठ्या अक्षरांत कबुलीजबाब रंगवलेला, वर ढग काढलेला. अगं बया!

तपासनिसांनी मसाला सोडा मागितला. यांनी बाटली फोडली, फट्ट. ते उभ्यानं प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. मग थांबले. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. साहेबांचे ओठ हलत होते, मंत्र म्हणत असावेत. म्हाताऱ्यानं मूठ तोंडापुढं धरली, पण मुठीचा काही उपयोग झाला नाही. मोकळ्या मनाचा माणूस होता, ढेकरही तसाच आला. झेरॉक्सवाला मशीन थांबवून बाहेर बघायला लागला.

“बरं वाटलं,” ते म्हणाले. “आता बाय, तू सांग. ह्यो गॅस शेवटाला जातो कुटं?”

पोरगी मेडिकलच्या खांबापाशी उभी होती, पायाच्या अंगठ्याकडं बघत. हे हातात रिकामी बाटली धरून माझ्याकडं बघत होते. मला वाक्य आठवेना. ‘बंदिस्त’ हा शब्द कुठं गेला तो गेला. बावीस वर्षांचे ब्रेक तेवढे डोळ्यांपुढं येऊन उभे राहिले, एकामागून एक, आणि ते घड्याळ.

“बाटलीतच राहतो,” मी म्हटलं.

त्यांनी यांच्या हातातली बाटली घेतली आणि कानाशी हलवली. गोटी खुळखुळली. “यात?”

“यातच.”

पंधरा वर्षं ज्या बाईनं शिळं लिंबू विकलं नाही, ती मी. भर दुपारी, लेकीसमोर, एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. माझे कान तापले. मला वाटलं आता हा माणूस फडाफडा बोलणार, आणि खरं सांगते, बोलला असता तर बरं वाटलं असतं.

ते हसले. म्हणाले, “बाय, मी उभा जनम कंटेनर तपासले. कागदावर काय हाय आन् कंटेनरच्या पाटीवर काय हाय, जुळलं का मी सही करतो. उघडून बघायचं काम दुसऱ्याचं हाय.” आणि सही केली. फक्त एक शेरा मारला. फलकावरील शुद्धलेखन दुरुस्त करावे.

म्हणजे बघा. गॅस गेला हवेत, ते चाललं. बोर्डावर खरं लिहिलं होतं, ते चाललं नाही. पेंटरला बोलावलं. त्यानं ढगाचा एक कोपरा पुसून तिथं एवढासा ‘ला’ बसवला, गच्च भरलेल्या बाकावर कुणी चौथं माणूस बसवावं तसा. ‘हवेतला सोडा’. सगळं कायदेशीर झालं.

आठवड्यात पोरीचं पत्र आलं. कायम. यांनी ते तीनदा वाचलं, ओळीखाली बोट सरकवत. मग हात धुतले, पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आणि तिथंच पाटावर बसून रडले. कंपनी बंद पडली तेव्हा रडले नव्हते. मी आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

पोरीनं पेढा घेतला नाही. मी म्हटलं, अगं तोंड गोड कर. ती म्हणाली, “आई, तू गिऱ्हाईकाला कधी खोटं सांगितलं नाहीस. पहिल्यांदा सांगितलंस ते माझ्यामुळं.”

माझा संताप संताप झाला. आपलीच चोरी कुणी पकडली की येतो तसला. मी वाटेल ते बोलले. म्हटलं, ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! तुझ्या बापाचा जन्म टेंपररीत गेला, तुला एका ढेकराचं पडलंय? जग एवढा धूर सोडतंय, तुझ्या आईच्या चार बाटल्यांनी काय आभाळ फाटणार आहे?

ती म्हणाली, “तो दगड होतो ना आई, तेवढं एकच यात खरं होतं. बाटल्याच मोजल्या तर कुणी दगडापर्यंत कशाला जाईल? पप्पांना बावीस वर्षं कागदावर नवं दाखवलं. जुना माणूस, कागदावर नवा. आता मी तेच करू, गॅसचं?”

मी भांडी आपटली.

तिनं तपासनिसांना आणि परदेशातल्या कंपनीला, दोघांनाही लिहिलं. सोड्याला गेलेले सिलिंडर कायमच्या हिशेबात धरू नका, ती माझी चूक मी दुरुस्त करतेय. परदेशातून लगेच उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. साहेबांचं उत्तर त्याहून लगेच आलं. तो मेल मागं घे, नाहीतर उद्यापासून येऊ नको. पोरगी अकरा दिवस पर्मनंट होती.

त्याच दुपारी साहेबांचा फोन माझ्यावर. “आंटी, तिला समजवा. एक मेल मागे घ्यायचा आहे, बस. करिअरचा प्रश्न आहे.” दुकानात गर्दी होती. पोरगी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून लिंबं कापत होती, माझ्याकडं बघत नव्हती. मला तिला सांगता आलं असतं. आयांना येतं, डोळ्यात पाणी आणलं की काम होतं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी मान हलवली, नाही म्हणून. आयुष्यात पर्मनंटला नाही म्हणताना मी या माणसाला पहिल्यांदा बघत होते.

मी फोनवर म्हटलं, “साहेब, आता सोडा.”

“सोड्याचं नंतर बघू आंटी,” ते म्हणाले, “आधी मेल.”

मी फोन ठेवला. यांनी पोरीच्या हातातली लिंबाची सुरी घेतली, स्टूल ओढलं आणि बोर्डापाशी चढले. गुडघे दुखतात यांचे, मी ओरडले, पण ऐकतील तर ना. करकर करकर करून तो एवढासा ‘ला’ खरवडला. रंगाचा पापुद्रा खाली बरणीवर पडला. माथाडी तेवढ्यात आला होता, त्यानं खालून स्टूल धरलं. काही न विचारता जिरा प्यायला आणि त्या दिवशी ढेकर मुठीत दाबला.

आता गॅस आमच्या जुन्या गॅसवाल्याकडूनच येतो. तपासनीस परवा येऊन गेले, असेच, काम नसताना. मसाला सोडा प्यायले, बोर्ड वाचला आणि म्हणाले, “आता शुद्ध हाय.” महाप्याचं मशीन चालू आहे म्हणतात. पोरगी दुपारी दुकानात बसते आणि फोनवर नोकरीचे अर्ज भरते. दगडात गॅस पुरण्याच्या कामाचेच भरते, दुसरीकडं बघत नाही. मी तिची अजून माफी मागितलेली नाही, पण तिचा सोडा मी स्वतः भरते.

सकाळी हे पूजा करतात. देव उचलतात, पुसतात, जागेवर ठेवतात. त्या पत्रावर मूर्तीचं पाणी पडलंय, कडा पिवळ्या पडल्यात. मी एकदा म्हटलं, काढते ते आता. यांनी पत्र उचललं, खाली पुसलं आणि परत तिथंच ठेवलं.